गीत : पारंपरिक

पनवेलच्या बाजूच्या हळदीचं एक गाणं सध्या खूप वाजतंय. लग्नात वाजतं, रिक्षात वाजतं, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यावर मुलं नाचतात. चाल धरून ठेवणारी आहे. गाणाऱ्यांचे आवाज चांगले आहेत. मीही ते अनेकदा ऐकलं. परवा पहिल्यांदा त्याच्या चित्रफितीच्या शेवटपर्यंत थांबलो आणि खालची नावं वाचली.

निर्मात्याचं नाव आहे. संगीतकाराचं आहे. गायक, गायिका, तालसंयोजन, ध्वनिमुद्रण, संकलन, नृत्य, रंगभूषा, वेशभूषा, सगळ्यांची नावं आहेत. ड्रोन उडवणाऱ्याचंही नाव आहे. ते असायलाच हवं. खाडीवरून मांडवापर्यंत येणारं ते दृश्य त्याने फार छान टिपलंय. या सगळ्यांच्या मध्ये एक ओळ आहे. गीत : पारंपरिक.

या ओळीपाशी मी अडलो. कारण त्या गाण्याचं दुसरं कडवं माझ्या ओळखीचं आहे.

त्या कडव्यात नवरी विचारते की, माहेरची टेकडी सुरुंगाने उतरवली, आता माहेरची वाट कोणत्या खुणेने शोधू. मला न्यायला येणारा मुराळी कोणत्या बाजूने येईल. ही टेकडी उलव्याची. नवी मुंबईच्या विमानतळासाठी ती फोडली. तिच्या पायथ्याची नदी वळवली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर अशी दहा गावं उठली. त्या विमानतळाची पायाभरणी १८ फेब्रुवारी २०१८ रोजी झाली. आठ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. फुटलेली टेकडी ज्या कडव्यात आहे, ते कडवं टेकडी फुटण्याच्या आधीचं कसं असेल? पणजीच्या पणजीने ते रचलेलं नाही. ते आपल्या डोळ्यांदेखत रचलं गेलंय. ज्या बाईने रचलं, ती आहे. तिच्या हातचा चहा मी प्यायलोय.

ती धवलारीण आहे. आगरी समाजात लग्न लागतं ते धवल्याने. भटजी आले तरी धवला थांबत नाही, आणि भटजी नव्हते तेव्हा तर सारं लग्न धवलारणीच लावायच्या. मांडव, घाणा, तेल, हळद, एकेका विधीला एकेक गाणं. विधी पुढे सरकतो तो गाण्याच्या हाताला धरून. कोणी काय आणायचं, कोणी कुठे उभं राहायचं, हे गाण्यातच सांगितलेलं असतं.

ते कडवं असलेला धवला मी ऐकला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. हळदीसाठी डीजे बंद ठेवला होता. ओटीवर तीन बाया बसल्या. मधली सत्तरीच्या पुढची. कुणी तरी तिच्या हातात माइक दिला. तिने तो शांतपणे तांदळाच्या सुपाशेजारी ठेवून दिला. मग एक हात कानाशी नेला आणि ओळ उचलली. बाजूच्या दोघींनी ती झेलली. झेलण्याची जागा ऐकण्यासारखी होती. मधलीचा श्वास संपायच्या आधीच या दोघी सुरू होत. त्यामुळे दोन ओळींच्या सांध्यावर तिन्ही आवाज एकत्र असत. एक जाड, एक किनरा, एक या दोहोंच्या मधला. तिघींचा सूर कुणी जुळवून दिलेला नव्हता. पेटी नाही, ढोलकी नाही. तरी तो सांधा एकदाही उघडा पडला नाही. मी मांडवाच्या खांबाला टेकून दीड तास उभा होतो.

आणि धवल्यात नावं येत होती. नवरीचं, नवऱ्याचं, आईबापाचं, मामाचं, आत्याचं. दारात आंब्याचा टाळा बांधणाऱ्याचं आलं. पाट मांडणाऱ्याचं आलं. ज्याचं नाव येई तो जागच्या जागी सावरून बसे. एक म्हातारा काका मागे खुर्चीत पेंगत होता. त्याचं नाव आलं तसा तो उठून उभाच राहिला. मांडवातल्या प्रत्येकाला गाण्यात जागा मिळाली. ज्यांनी ती दिली त्या तिघींची नावं तेवढी आली नाहीत.

टेकडीचं कडवं आलं तेव्हा बायांच्या घोळक्यातून हुंकार उठला. अनेकींचं माहेर तिकडचं होतं. गाणं संपल्यावर मी मधल्या आजींजवळ गेलो. हे जुनं आहे का, विचारलं. त्या म्हणाल्या, “आयशीचां हाय, नि थोरां माजां.”

आईचं आहे, आणि थोडं माझं. गाण्याच्या कर्त्याविषयी इतकं नेमकं विधान मी फार थोड्या गीतकारांकडून ऐकलंय. आपलं किती आणि आईचं किती, हे त्यांना पक्कं माहीत आहे. टेकडीचं कडवं आपलं. त्याच्या आधीचं आईचं. आईच्या आधीचं ठाऊक नाही, म्हणून त्याच्यावर त्यांचा दावाही नाही. हा हिशेब चोख आहे. तो पुसून तिथे एकच शब्द लिहिला गेला.

‘पारंपरिक’ हा शब्द आदराचा वाटतो. लिहिणाऱ्यालाही तसाच वाटत असणार. परंपरेला मान दिला, असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. पण त्या शब्दाने नेमकं काय होतं ते पाहा. गीतकार म्हणून ज्याचं नाव लागतं, त्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्क मिळतात. त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीतला त्याचा वाटाही पक्का केला, इतका की तो कंपनीला लिहून देतो म्हटलं तरी देता येत नाही. हक्क विकून टाकले तरी ‘हे माझं’ असं म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. त्यासाठी नोंदणीची अट नाही. गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ लिहिलं की व्यवहारात यातलं काहीही कुणालाही देणं लागत नाही. त्या ओळीतल्या एका शब्दाने एक बाई हिशेबातून बाहेर जाते. आणि ती बाहेर गेल्याचं कुणाला कळतही नाही.

याच्या उलट एक उदाहरण आहे. ‘मी डोलकर’ हे गाणं कोळी पेहराव करून कितीही वेळा नाचलं गेलं असेल. निवेदक बिनदिक्कत ‘कोळी लोकगीत’ असं सांगतो. ते शांता शेळके यांचं आहे. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. ‘वादळवारं सुटलं गो’ हेही त्या दोघांचंच. शांताबाई इंदापूरच्या. समुद्रापासून दूर जन्मलेल्या बाईने कोळ्यांचं गाणं असं लिहिलं की लोकांना ते समुद्राचंच वाटलं, हे तिचं मोठेपण. निवेदक चुकला तरी तबकडीवर तिचं नाव आहे. ते कधीही दाखवता येतं. म्हणजे पुण्याकडच्या कवयित्रीने लिहिलेलं गाणं लोकगीत म्हणून गाजलं, तरी तिचं नाव शाबूत राहिलं. खाडीकाठच्या बाईने रचलेलं गाणं खरोखर लोकांत गेलं, आणि तिचं नाव कुठे लागलंच नाही. दोघींच्या प्रतिभेची तुलना मी करत नाही. एकीकडे लेखणी होती आणि दुसरीकडे नव्हती, एवढाच फरक मला दिसतो.

ही गोष्ट फक्त आपल्याकडे घडते असंही नाही. अमेरिकेत गिटारच्या साथीने तिघे-चौघे आवाजात आवाज मिसळून गातात. त्या संगीताला आता ‘अमेरिकाना’ म्हणतात. आजचे असे गट आपलं गाणं कोणाच्या शब्दांचं आणि कोणाच्या चालीचं, हे नावानिशी छापतात. त्यांच्या घराण्याची सुरुवात मात्र वेगळी होती. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअरने ध्वनिमुद्रणाचं यंत्र मांडलं. डोंगरातून कार्टर कुटुंब आलं. ए. पी. कार्टर, बायको सारा, भावजय मेबेल. पीअरला गाणी हवी होती ती कुणाच्या नावावर न चढलेली. कारण अशा गाण्याचे हक्क आपल्या ताब्यात घेता येतात. मग ए. पी. कार्टर घराघरांतून गाणी गोळा करत फिरू लागला. बरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द उतरवून घेई, रिडल चाल ध्यानात ठेवी. नाव लागलं ते कार्टरचं. कार्टर कुटुंबाचं १९३५ सालचं ‘कॅन द सर्कल बी अनब्रोकन’ जगभर गेलं. तेही कार्टरच्या नावावर. ते मुळात १९०७ च्या एका भजनावरून आलेलं, आणि त्या भजनाचे शब्द एडा हॅबरशन या बाईंचे. १९६५ मध्ये माइक सीगर या गायकाने रिडलला शोधून काढलं, त्याला बोलतं केलं, त्याचा वाटा लोकांपुढे मांडला.

तिथे चुकीचं नाव लागलं होतं. चुकीच्या नावाशी भांडता येतं. त्या जागी कुणीतरी बसलेलं असतं, त्याला उठ म्हणता येतं. आपल्या यादीत त्या जागी परंपरा बसवलेली आहे. तिच्याशी कोण भांडणार?

मी हे बोललो की एक उत्तर हमखास येतं. लोकगीत सगळ्यांचं असतं, ते कुणा एकाचं करू नका. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मला ते मान्य आहे. धवला गायला कुणाची परवानगी लागू नये. उद्या दुसरी धवलारीण तेच कडवं गाईल, त्यात आपल्या गावची टेकडी घालेल, आणि तसंच व्हायला हवं. गाणं असंच वाढतं. पण गाणं सगळ्यांचं आहे म्हणून कर्तीचं नाव नको, हे कुठून आलं? तुकोबांचे अभंग सगळ्यांचे आहेत. वारीत ते गायला कुणी कुणाला विचारत नाही. तरी शेवटच्या चरणात तुका आहे. नामा आहे. नामयाची जनी आहे. धुणीभांडी करणाऱ्या दासीने आपलं नाव अभंगात ओवलं आणि सातशे वर्षांनी आपण ते उच्चारतो. लावणीच्या शेवटी शाहीर स्वतःचं नाव घालतो. नाव घातल्याने यातलं एकही गाणं लोकांपासून दूर गेलं नाही. आणि ज्या गाण्याच्या पाटीवर निर्मात्याचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरात आहे, त्याच्या वतीने ‘ते सगळ्यांचं आहे’ असं सांगितलं जातं, तेव्हा मला ते पटत नाही. सगळ्यांचं असेल तर चित्रफितीखालची हक्काची सूचना कुणासाठी?

धवल्याच्या बाबतीत तर हे आणखी खुपतं. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण कुणाचं नाव घेतो? महदंबेचं. तेराव्या शतकातली महानुभाव बाई. तिची कोणती रचना आपण अभ्यासतो? धवळे. म्हणजे लग्नाची गाणी. ऋद्धिपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्याच्या निमित्ताने तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले आणि गायले. तेव्हा तिथे ड्रोन नव्हता, यंत्र नव्हतं. तरी ते तिने रचले हे आज आपल्याला ठाऊक आहे. कारण तिच्या पंथातल्या लोकांना ते तिच्या नावासकट लिहून ठेवावंसं वाटलं. मराठी कवयित्रींची परंपरा ज्या बाईपासून सुरू होते, ती लग्नात गाणारी बाई आहे. शब्दही तोच. तिकडे धवळे, इकडे धवला. तिचा धडा आपण मुलांना शिकवतो. तिच्या वारसदाराला मात्र यादीत ‘पारंपरिक’ म्हणतो.

नाव लिहिणं अवघड आहे असंही कुणी म्हणू नये. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं. त्यात गाणारीचं नाव आहे, गाव आहे. परभणीतल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आज कुणालाही ऐकता येतो आणि तो गंगूबाईंचा आहे हेही कळतं. ओव्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या, पण ही ओवी या बाईने अशी गायली, एवढं त्यांनी टिपून ठेवलं. त्यांच्याकडे वही होती आणि विचारण्याची सवय होती. लाखभर ओव्यांच्या बाबतीत जे जमलं, ते चार कडव्यांच्या गाण्याला का जमू नये?

विचारलं असतं तर काय झालं असतं, तेही मी पाहिलंय. गाणं गाजल्यावर आजींच्या नातीने ते त्यांना मोबाइलवर ऐकवलं. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मला पुन्हा लावायला लावलं. टेकडीच्या कडव्यापाशी त्यांनी मान डोलावली. पोरगी बरी गाते, म्हणाल्या. फक्त एका ठिकाणी ती चुकते, म्हणाल्या. मुराळी ज्या बाजूने येतो ती बाजू तिने बदलली आहे. त्या बाजूला गाव नाही, खाडी आहे. तिकडून माणूस येणार कसा? शब्द यमकात बसतो, पण वाट चुकते. स्टुडिओतल्या कुणाला हे कळायचं कारण नव्हतं. आजींना एक फोन केला असता तर कळलं असतं. राग मात्र त्यांच्या बोलण्यात कुठेच नव्हता. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढला तर त्यांनी तो बाजूला सारला. चुकलेली वाट मात्र त्यांना खपली नाही. त्यांनी ती ओळ दोनदा म्हणून दाखवली आणि नातीकडून वहीत नीट लिहून घेतली.

मी म्हटलं, आजी, मी या गाण्याबद्दल लिहिणार आहे. तुमचं नाव घालू का?

या स्फुटात ते नाव नाही, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. गाणं काढणाऱ्या कंपनीचंही नाही, पण ते वेगळ्या कारणाने. एका कंपनीला धरून प्रश्न सुटणार नाही, ‘पारंपरिक’ लिहिणारे खूप आहेत. आजींचं नाव नाही ते त्यांनी थांबवलं म्हणून. घरात बोलते, भावांना विचारते, मग सांगते, असं त्या म्हणाल्या. गाणं त्यांच्या आईचंही आहे, आणि आईच्या नावावर त्यांच्याइतकाच भावांचाही हक्क. त्यांना विचारल्यावाचून आईचं नाव छापायला देणं त्यांना बरं वाटेना. इतक्या बारकाईने त्या या हक्काचा विचार करत होत्या.

गेल्या आठवड्यात त्यांच्या नातीचा फोन आला. आजीच्या भावांनी हो म्हटलंय. पुढच्या लग्नाच्या पत्रिकेत बँडच्या नावाखाली धवलारणींची नावं येणार आहेत. मजकूर कसा लिहायचा ते विचारायला तिने फोन केला होता. मी म्हटलं, धवला, आणि पुढे आजीचं नाव, गाव. मागून आजींचा आवाज आला.

“माजां नको आदी. आयशीचां लिव.”